सातारा-सांगलीची बोलीतील नावे : गावांची बिरुदे, टोपणनावे आणि त्यांमागील माणसे

सरकारी कागदावरील नाव, एसटीच्या फलकावरील नाव आणि माणसांच्या तोंडचे नाव ही तिन्ही एकच असतील, असे सातारा-सांगली भागात नवख्या माणसाने गृहीत धरू नये. वसई, मुंबई, पुणे, अहिल्यानगर येथील अनेक कुटुंबे नोकरी, शिक्षण किंवा विवाहसंबंध यांच्या निमित्ताने या दोन जिल्ह्यांत येऊन राहिली आहेत. 'आम्ही माणदेशातले', 'पाव्हणे परळीचे', 'बत्तीस शिराळ्याला जाऊन आलो', 'आयर्विनला पाणी किती?' अशी वाक्ये त्यांच्या कानांवर नित्य पडतात. ज्याला संदर्भ ठाऊक नाही, तो माणूस अशा वेळी केवळ मान डोलावतो. त्या वाचकांसाठी आम्ही हा लेख संदर्भ म्हणून लिहीत आहोत. जे याच मातीतले आहेत, त्यांनाही आपल्या परिचयाच्या नावांमागील हकिकती एकत्र वाचण्यास आवडतील, अशी आशा आहे.

प्रारंभीच एक भेद सांगून ठेवतो. काही नावे त्या-त्या भागातील माणसांनी स्वतः धारण केलेली असतात, तर काही बाहेरच्यांनी त्यांना चिकटवलेली असतात. नावाचा अर्थ समजून घेताना ते कोणी दिले, हेही विचारले पाहिजे. पुढील माहिती वाचताना हा प्रश्न वाचकांनी मनाशी बाळगावा.

एका घरातील दोन जिल्हे

सातारा आणि सांगली ही नावे आज वेगळी उच्चारली जात असली, तरी हे दोन्ही जिल्हे मूळच्या एकाच घरातले. संस्थानांच्या विलीनीकरणानंतर १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले. उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा अशी त्यांची नावे होती. आजूबाजूच्या संस्थानांचे मुलूखही त्यांत आले. पुढे महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर दक्षिण साताऱ्याचे नामांतर 'सांगली' असे झाले. जुन्या खरेदीखतांत, शाळेच्या दाखल्यांत किंवा वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात 'जिल्हा दक्षिण सातारा' असा उल्लेख आढळला, तर तो आजच्या सांगली जिल्ह्याचा समजावा. जन्माचे वा लग्नाचे जुने दाखले शोधणाऱ्यांना हे माहीत असणे फार उपयोगाचे ठरते.

याच कारणामुळे स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात 'साताऱ्याचे प्रतिसरकार' म्हटले जाते, तेव्हा त्यातील कुंडल, येडेमच्छिंद्र, वाळवा ही गावे आज सांगली जिल्ह्यात असलेली दिसतात. इतिहासातील सातारा आजच्या साताऱ्याहून पुष्कळ मोठा होता.

नकाशात नसलेले प्रदेश

कृष्णाकाठ. महाबळेश्वरापासून निघालेली कृष्णा वाई, कराड, सांगली असा प्रवास करीत पुढे जाते. तिच्या दोन्ही तीरांवरील काळ्या जमिनीच्या पट्ट्याला लोक 'कृष्णाकाठ' म्हणतात. ऊस, सहकारी साखर कारखाने, भाजीपाला आणि चविष्ट वांगी ही या भागाची ओळख. यशवंतराव चव्हाणांनी आपल्या आत्मचरित्राला हेच नाव दिले. कृष्णाकाठचा माणूस हे नाव अभिमानाने सांगतो. मात्र २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांच्या महापुरांनंतर याच नावाला 'पूरपट्टा' हे दुसरे नाव जोडले गेले. सांगलीत पावसाळ्यात 'आयर्विनला पाणी किती?' असे जे विचारतात, ते १९२९ साली बांधून झालेल्या आयर्विन पुलाजवळील पाणीपातळीविषयी. तेथे चाळीस फूट ही इशारा पातळी आणि पंचेचाळीस फूट ही धोका पातळी मानली जाते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी सत्तावन फुटांच्या पुढे गेले होते. नदीकाठच्या घरात सामान कोणत्या घटकेला हलवायचे, हे या एका आकड्यावर ठरते.

माणदेश. माण ऊर्फ माणगंगा ही नदी माण तालुक्याच्या डोंगरांत उगम पावून पुढे भीमेस मिळते. तिच्या खोऱ्यातील व आसपासच्या कोरड्या मुलुखाला 'माणदेश' म्हणतात. साताऱ्यातील माण आणि खटावचा काही भाग, सांगलीतील आटपाडी व लगतचा जत, कवठे महांकाळचा भाग, तसेच सोलापूर जिल्ह्यातील सांगोला यांची गणना सामान्यतः माणदेशात होते. त्याची सीमा कोणत्याही सरकारी कागदावर आखलेली नाही, ती बोलीवर आणि माणसांच्या आठवणींवर ठरते. व्यंकटेश माडगूळकरांचा 'माणदेशी माणसं' हा संग्रह १९४९ साली प्रसिद्ध झाला आणि हे नाव साऱ्या महाराष्ट्राला परिचित झाले. पुढे १९९७ साली म्हसवड येथे स्थापन झालेल्या महिला सहकारी बँकेनेही 'माणदेशी' हेच नाव घेतले. खिल्लार बैल, मेंढरांचे कळप आणि रोकठोक बोली ही माणदेशाची खूण होय.

महाबळेश्वरी वर्षाकाठी सुमारे साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर त्याच जिल्ह्यातील दहिवडी-म्हसवड भागात तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास घुटमळतो. एकाच जिल्ह्यातील हा फरक ध्यानी घेतल्याखेरीज येथील नावे पुरती उमगत नाहीत.

खोरे आणि सडा. जिल्ह्याच्या पश्चिम भागात लोक आपला ठावठिकाणा खोऱ्याच्या नावाने सांगतात : जावळीचे खोरे, कोयना खोरे, कांदाटी खोरे. कांदाटी खोरे शिवसागर जलाशयाच्या पलीकडे आहे आणि तेथील अनेक गावांना जाण्यासाठी लाँचचा आधार घ्यावा लागतो. डोंगरमाथ्यावरील सपाट, कातळी पठाराला या भागात 'सडा' म्हणतात. पाटण तालुक्यातील सडावाघापूर या गावाच्या नावात तोच शब्द आहे. 'पठार' हा शब्दही चालतो, जसे की फुलांसाठी प्रसिद्ध असलेले कासचे पठार. सह्याद्रीतील ज्या स्थळांना २०१२ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत कासचा समावेश आहे.

तालुका एक, गाव दुसरे

नवख्या माणसाची सर्वांत अधिक फसगत येथे होते. सातारा जिल्ह्यात अकरा आणि सांगली जिल्ह्यात दहा तालुके आहेत, परंतु प्रत्येक तालुक्याचे कार्यालय त्या नावाच्या गावी असेलच असे नाही. जावळी तालुक्याचे मुख्य ठाणे मेढा, माणचे दहिवडी, खटावचे वडूज. सांगली जिल्ह्यात खानापूरचे ठाणे विटा आणि वाळव्याचे इस्लामपूर. खुद्द सांगली शहर मिरज तालुक्यात मोडते. तेव्हा 'मी खटावचा' असे कोणी म्हटले, तर तो खटाव गावचा की तालुक्याचा, हे विचारून घ्यावे.

नावांची पुनरुक्तीही बरीच आहे. येथे 'खंडाळा' म्हणजे लोणावळ्याजवळचे थंड हवेचे ठिकाण नव्हे, तर खंबाटकी घाटालगतचा तालुका. सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव नायगाव याच तालुक्यात आहे. 'औंध' म्हणजे पुण्याचे उपनगर नव्हे, तर खटाव तालुक्यातील यमाईचे गाव आणि पूर्वीच्या औंध संस्थानची राजधानी. 'पाटण' गुजरातमधील नव्हे आणि 'कोरेगाव' भीमेकाठचे नव्हे. 'सातारा रोड' हे रेल्वे स्थानक कोरेगाव तालुक्यात आहे. पुण्यात मात्र याच नावाने एक मोठा रस्ता ओळखला जातो. सातारा शहराचे रेल्वे स्थानक वेगळे असून ते माहुलीजवळ आहे.

एकाच नावाची अनेक गावे असली, की लोक त्यांना उपपद जोडतात. कवठे महांकाळ, कवठे एकंद, कवठे पिरान ही तीन वेगळी गावे. रेठरे बुद्रुक, रेठरे खुर्द, रेठरे हरणाक्ष यांचेही तसेच. बुद्रुक म्हणजे थोरले आणि खुर्द म्हणजे धाकटे, ही फारसी वाटणी शेकडो वर्षांपासून चालत आली आहे. निमंत्रणपत्रिकेवर किंवा पत्त्यावर हे उपपद गाळले, तर पाहुणा नदीच्या भलत्याच तीरावर जाऊन उभा राहतो.

काशी आणि पंढरी

मराठी माणसाला एखाद्या स्थानाचा मोठेपणा सांगायचा झाला, की तो 'काशी' किंवा 'पंढरी' हा शब्द वापरतो. तीर्थक्षेत्राचा मान दाखवण्यासाठी काशी, आणि एखाद्या कलेचे वा व्यवसायाचे माहेरघर सांगण्यासाठी पंढरी, असा साधारण प्रघात दिसतो.

कृष्णेच्या घाटांमुळे, मंदिरांमुळे आणि संस्कृत पाठशाळांमुळे वाईला 'दक्षिण काशी' म्हणतात. तिला 'विराटनगरी' असेही पौराणिक नाव देतात. १७६२ साली रास्ते यांनी बांधलेले ढोल्या गणपतीचे मंदिर तेथील घाटावर आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम याच गावी उभे राहिले आणि १९७६ साली त्याचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. त्यामुळे विद्येची काशी हा अर्थ विसाव्या शतकातही वाईने सार्थ केला, असे म्हणावयास हरकत नाही. परंतु 'दक्षिण काशी' एवढे ऐकून वाई असे समजू नये. कोल्हापूरलाही हेच बिरुद आहे, आणि महानुभाव पंथीयांच्या दृष्टीने दक्षिण काशी म्हणजे फलटण. बोलणारा कोण आहे, यावरून काशी ओळखावी लागते.

सांगलीला 'नाट्यपंढरी' म्हणतात. सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी १८४३ साली 'सीता स्वयंवर' हे नाटक सादर केले. त्याच्या स्मरणार्थ ५ नोव्हेंबर हा दिवस मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो. नाटककार गोविंद बल्लाळ देवल आणि कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हेही याच परिसरातले. वृत्तपत्रांत 'नाट्यपंढरीत' एवढाच शब्द आला, तरी सांगलीकर वाचकाला अधिक सांगावे लागत नाही.

साताऱ्याकडील नावे

सातारा शहराच्या नावाविषयी दोन स्पष्टीकरणे सांगतात. काहींच्या मते सभोवतीच्या सात डोंगरांवरून ते आले, तर काहींच्या मते किल्ल्याच्या सतरा बुरुजांवरून. किल्ल्याच्या नावाची हकिकत मात्र अधिक निश्चित आहे. १७०० साली औरंगजेबाने तो जिंकून आपल्या पुत्राच्या नावावरून त्यास 'आझमतारा' म्हटले. मराठ्यांनी तो परत घेतल्यावर तो 'अजिंक्यतारा' झाला. जिंकणाऱ्याने दिलेले नाव लोकांनी आपल्या बोलीत असे परत घेतले. १७०८ साली छत्रपती शाहूंचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला आणि किल्ल्याच्या पायथ्याशी शहर वसले. त्यामुळे साताऱ्याला 'शाहूनगरी' म्हणतात, आणि आजही मोटारींच्या काचांवर 'राजधानी सातारा' ही अक्षरे दिसतात. कोल्हापूरलाही 'शाहूनगरी' म्हणतात, पण तेथील शाहू म्हणजे राजर्षी शाहू महाराज. दोघांमध्ये दीड शतकाहून अधिक काळाचे अंतर आहे. 'पेन्शनरांचे गाव' हे साताऱ्याचे तिसरे नाव थोडे थट्टेचे आहे. शांत हवा आणि बेताचा खर्च पाहून निवृत्तांनी येथे घरे बांधली, त्यावरून ते पडले. तरुण मुले कामासाठी पुण्याची वाट धरतात, ही खंतही त्या थट्टेत आहे.

सज्जनगडास जुनी माणसे अजून 'परळीचा किल्ला' म्हणतात. कृष्णा-वेण्णा संगमावर समोरासमोर 'क्षेत्र माहुली' आणि 'संगम माहुली' अशी दोन गावे आहेत. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे माहुलीचेच. कराड हे प्राचीन 'करहाटक'. तेथे कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात, म्हणून त्या संगमाला 'प्रीतिसंगम' असे गोड नाव मिळाले. १९८४ साली निधन पावलेल्या यशवंतरावांची समाधी तेथेच आहे. कोयनेला 'महाराष्ट्राची भाग्यरेषा' म्हणतात, ते तिच्या जलविद्युत प्रकल्पामुळे.

महाबळेश्वरात गेल्यावर 'क्षेत्र' असा शब्द ऐकू आला, तर तो पंचगंगेच्या जुन्या देवस्थानाविषयी समजावा. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचे उगम तेथे मानले जातात. पर्यटकांचे बाजारगाव हे इंग्रजी अमदानीत मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात वसले आणि कागदोपत्री 'मालकम पेठ' झाले. पाचगणीला बाहेरचे लोक 'पंचगणी' म्हणतात, परंतु गावचा माणूस 'पाचगणी'च म्हणतो. दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांमधील ती जागा. निवासी शाळांमुळे 'शाळांचे गाव' ही तिची दुसरी ओळख. अनेक कॅथलिक कुटुंबांना ती तेथील सेंट जोसेफ कॉन्व्हेंटमुळे परिचित आहे.

सातारा तालुक्यातील 'अपशिंगे मिलिटरी' या नावाकडे विशेष लक्ष द्यावे. बाहेरच्या माणसाला येथे लष्कराची छावणी असावी असे वाटते, पण तशी ती नाही. पिढ्यान्‌पिढ्या घरटी सैनिक देणारे हे गाव आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावातील सेहेचाळीस जणांनी प्राण गमावले आणि त्यांच्या स्मरणार्थ तेथे शिला उभारण्यात आली. पुढील युद्धांतही गावाने माणसे गमावली. 'मिलिटरी' हा इंग्रजी शब्द गावाने आपल्या नावात घेतला, तो या मोलावर.

सांगलीकडील नावे

सांगलीचे नाव मूळच्या सहा गल्ल्यांवरून पडले, अशी लोकसमजूत आहे. नाट्यपंढरीबरोबरच 'हळदीचे शहर' हीही तिची ओळख. हळद केवळ आसपासच्या शेतांतून येत नाही. नांदेड-हिंगोलीकडून आणि शेजारच्या राज्यांतूनही माल येथे उतरतो, सौदे होतात आणि येथून पुढे जातो. जवळच कृष्णा-वारणा संगमावर हरिपूर आहे. तेथील जमिनीत अरुंद तोंडाची खोल पेवे खणून त्यांत हळद वर्षानुवर्षे साठवली जाई. 'पेवांचे हरिपूर' ही ओळख त्यावरून आली. २००५ च्या महापुरात त्या पेवांची मोठी हानी झाली. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण ज्या पेवांनी तिचे नाव राखले, त्यांपैकी अनेक आता नाहीत.

मिरजेला दोन नावे आहेत. एक 'तंतुवाद्यांचे गाव'. पूर्वी शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी सतारी आणि तंबोरे घडवण्याची कला हाती घेतली. फरीदसाहेबांचे नाव त्यात अग्रक्रमाने घेतले जाते. पंढरपूर-मंगळवेढा भागातील भोपळा आणि मिरजेचा कारागीर यांच्या मेळातून निघालेला तंबोरा देशभर पोहोचला. २०२४ साली मिरजेच्या सतारीस आणि तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन लाभले. १९३७ साली निवर्तलेले अब्दुल करीम खाँ यांचे दफन मिरजेच्या ख्वाजा शमना मीरा दर्ग्याच्या आवारात झाले आणि तेथे दरवर्षी त्यांच्या स्मृत्यर्थ गायनसेवा होते.

दुसरे नाव 'आरोग्यपंढरी'. त्याचा उगम ख्रिस्ती वाचकांस जवळचा वाटेल. प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय सुरू केले. लोक त्याला साधेपणाने 'मिशन' म्हणत. दूरदूरचे रुग्ण रेल्वेने येथे येत. पुढे इतर डॉक्टर, रुग्णालये आणि औषधांचा व्यापार त्याभोवती वाढला. सांगली-मिरज दरम्यानच्या 'वानलेसवाडी' या वस्तीच्या नावात त्या डॉक्टरांचे आडनाव मराठी होऊन राहिले आहे. क्षयरुग्णांसाठीच्या आरोग्यधामामुळे ही वस्ती नावारूपास आली. आज तेथून बसने जाणाऱ्या कित्येकांना हे एका माणसाचे आडनाव आहे, याची कल्पना नसते. दुसऱ्याच्या सेवेत आयुष्य वेचणाऱ्याचे नाव परक्या मुलखातील वाडीने स्वीकारावे, याहून मोठे स्मारक क्वचित असते.

तासगाव ही द्राक्षांची आणि बेदाण्याची पेठ. 'तास-ए-गणेश' या बिनबियांच्या द्राक्षवाणाच्या नावात तासगाव आणि तेथील गणपती या दोघांचाही उल्लेख आहे. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. कडेगाव हे 'ताबुतांचे गाव'. मोहरमच्या काळात तेथील गगनचुंबी ताबुतांच्या भेटी होतात आणि त्यांत हिंदू-मुसलमान सारेच मानाने सहभागी होतात.

'बत्तीस शिराळा' या नावातील बत्तीस म्हणजे पूर्वी शिराळ्यास जोडलेल्या गावांची संख्या. नागपंचमीमुळे शिराळ्यास 'नागांचे गाव' असेही म्हणतात. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी मुंबई उच्च न्यायालयाने दिलेले आदेश यांमुळे जिवंत नागांच्या जाहीर मिरवणुका थांबल्या. गावकरी परंपरेचा प्रश्न मांडतात, तर प्राणिमित्र नागांच्या हालांचा. शिराळ्यात हा विषय काढताना दोन्ही बाजू ठाऊक असाव्यात.

इस्लामपूरचे जुने जोडनाव 'उरुण-इस्लामपूर' असे आहे. २०२५ साली राज्य शासनाने त्याचे नाव 'ईश्वरपूर' करण्याचा निर्णय घेतला. जुन्या दाखल्यांत आणि माणसांच्या बोलण्यात पूर्वीचे नाव दीर्घकाळ आढळत राहील, हे व्यवहारासाठी लक्षात ठेवावे.

माणसांनी घडवलेली गावे

पलूसजवळचे किर्लोस्करवाडी हे गाव १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या माळरानावर वसवले. जवळच्या रेल्वे स्थानकाचे तेव्हाचे नाव 'कुंडल रोड' होते. आटपाडीजवळचे 'स्वतंत्रपूर' हे नाव तर ऐकणाऱ्यास चकित करणारे आहे. औंध संस्थानच्या काळात वसवलेली ती कैद्यांची मुक्त वसाहत होय. भिंती आणि बेड्या यांच्याविना, शेती करीत शिक्षा भोगणाऱ्या माणसांच्या वस्तीला संस्थानाने 'स्वतंत्र' हा शब्द दिला. त्याच प्रयोगावरून १९५७ साली व्ही. शांताराम यांचा 'दो आँखे बारह हाथ' हा चित्रपट निघाला.

नाव कोण देतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे 'पत्री सरकार'. १९४२ च्या चळवळीनंतर क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड आदींच्या नेतृत्वाखाली या भागात लोकांचे समांतर शासन उभे राहिले. गावोगावी न्यायदान मंडळे चालली, दरोडेखोरांना आळा बसला, साधेपणाने विवाह लावले गेले. कार्यकर्त्यांनी स्वीकारलेले नाव 'प्रतिसरकार'. मात्र गुन्हेगारांच्या पायांना पत्री ठोकतात, अशी बोलवा पसरली आणि तिच्यामुळे 'पत्री सरकार' हे नाव रूढ झाले. आजही पुष्कळ जण सहज 'पत्री' म्हणून जातात. आम्हांस वाटते, त्या माणसांनी स्वतः पत्करलेले नाव वापरणे अधिक न्याय्य आहे.

शासनाने दिलेली नवी नावे

अलीकडच्या काळात काही गावांना शासकीय उपक्रमांतून ओळख मिळाली. पाचगणी-महाबळेश्वर मार्गावरील भिलार हे मे २०१७ पासून 'पुस्तकांचे गाव' झाले. स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या या गावातील घराघरांत वाचकांसाठी पुस्तके मांडलेली आहेत. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे २०२२ साली 'मधाचे गाव' ठरले. पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी हे राज्यातील पहिले 'सौरग्राम' म्हणून २०२४ साली घोषित झाले. ही नावे लोकांच्या तोंडी किती रुजतात, हे त्यामागील काम किती टिकते यावर ठरेल.

बोचणारी नावे

आतापर्यंतची बहुतेक नावे अभिमानाची होती. काही नावे बोचतात, त्यांचाही उल्लेख केला पाहिजे.

'घाटी' हा शब्द मुंबई आणि किनारपट्टीवर सर्रास वापरला जातो, आपल्या कॅथलिक कुटुंबांतही. मुळात घाटावरून आलेला तो घाटी, एवढाच त्याचा अर्थ. पण सातारा-सांगली-कोल्हापूरकडील माणसे गिरण्यांत, गोदीत आणि माथाडी कामात राबू लागली, तसा या शब्दात तुच्छता शिरली. अडाणी, गबाळा, हलके काम करणारा, असे अर्थ त्याला चिकटले. ज्यांच्या कष्टांवर मुंबई उभी राहिली, त्यांच्या मुलांना हा शब्द शाळेत ऐकावा लागला. आपण तो थट्टेने उच्चारतो, हे समर्थन पुरेसे नाही.

'दुष्काळी' हे दुसरे नाव. माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांना सरकारी भाषेत, वृत्तपत्रांत आणि सोयरिकीच्या बोलण्यांतही हेच विशेषण लावले जाते. अवर्षण खरे आहे, चारा छावण्या आणि टँकर हेही खरे. परंतु हे एकच विशेषण उच्चारले, की त्या मुलखातील बाकी सारे झाकले जाते. याच भागातून ग. दि. माडगूळकर आणि व्यंकटेश माडगूळकर आले. खानापूर-आटपाडीचे गलाई व्यावसायिक सोने-चांदी शुद्ध करण्याची विद्या घेऊन भारतभरच्या शहरांत पोहोचले. आटपाडीत डाळिंबांच्या बागा उभ्या राहिल्या. टेंभू, म्हैसाळ, उरमोडी यांसारख्या योजनांचे पाणी काही गावांपर्यंत आले, काही गावे अजून वाट पाहत आहेत. तेथील माणूस स्वतःला 'दुष्काळी' म्हणवून घेत नाही. तो 'माणदेशी' म्हणतो. दोन्ही शब्द एकाच भूमीचे असले, तरी त्यांत केवढे अंतर आहे!

तिसरे नाव वरवर स्तुतीचे आहे. शिवसागराकाठच्या तापोळ्यास पर्यटक 'मिनी काश्मीर' म्हणतात. दृश्य रम्य आहे, यात शंका नाही. पण ते निळे पाणी कोयना धरणाचे आहे, आणि त्याखाली अनेक गावांची घरे, शेते, देवळे बुडाली. तेथील कुटुंबे दूरच्या जिल्ह्यांत विखुरली आणि पुनर्वसनाचा प्रश्न पुढे दीर्घकाळ रेंगाळला. जे मागे राहिले, ते लाँचच्या वेळा पाहून दवाखान्याला निघतात. पाहुण्याने दृश्याचे कौतुक जरूर करावे, पण बुडालेल्या गावाचे नाव काय होते, हेही एखाद्या वृद्धास विचारावे. ते नाव अजून त्याच्या ओठांवर असते.

व्यवहारासाठी काही सूचना

या भागात नव्याने येणाऱ्यांसाठी शेवटी थोडक्यात सांगतो. पत्ता घेताना गाव, उपपद आणि तालुका तिन्ही लिहून घ्यावेत. जुन्या कागदांत 'दक्षिण सातारा' दिसल्यास सांगली जिल्ह्यात चौकशी करावी. 'क्षेत्र', 'संगम', 'मिशन', 'आयर्विन' असा एकच शब्द कानी आला, तर तो कोणत्या गावात बोलला जात आहे हे पाहून अर्थ लावावा. बिरुद सांगणाऱ्याकडून त्यामागील गोष्टही ऐकून घ्यावी, कारण ती तो आनंदाने सांगतो. आणि माणूस ज्या नावाने आपल्या मातीची ओळख देतो, त्याच नावाने आपणही तिचा उल्लेख करावा. माणदेशातून आलेल्या कुटुंबाचे स्वागत 'दुष्काळी भागातले' असे न करता 'माणदेशचे' असे केले, तर त्या घराशी आपले नाते पहिल्याच दिवशी जुळू लागेल.